नवरदेवाशिवाय आहेर

मागल्या श्रावणात आमच्या घरी जे लग्न झालं, त्यात मांडव होता, वांग्याची भाजी होती, मामानं आणलेलं कपाट होतं. फक्त नवरदेव नव्हता.

नवरी होती. ती आतल्या खोलीत फाईल मांडीवर घेऊन बसली होती आणि आजीशी, म्हणजे माझ्याशी, जन्मात बोलणार नाही असं तिनं आदल्याच दिवशी जाहीर केलं होतं. (जन्म दीड दिवस टिकला. अडचण आली, की पोरींना पहिली आजीच आठवते!)

तर झालं असं. आमचं गाव खामगावकडच्या उंद्रीच्या जवळ. माझा मुलगा गजानन भाजीपाला लावतो: वांगी, मेथी, टमाटे, कोथिंबीर. आणि गेली चाळीस वर्षं आठवडी बाजारात पोतं अंथरून ती विकायचं काम माझं. माझी सून रेखा शिवणकाम करते. आमचे हे, म्हणजे माझे मालक, ओट्यावर बसतात आणि दिवसातून एकदा बोलतात. या घरात आमची नात प्रणाली बारावीला असे काही मार्क घेऊन बसली, की दुसऱ्या फेरीत तिचा नंबर फार्मसीच्या कॉलेजला लागला. कॉलेज लांबचं, म्हणून होस्टेलही आलं.

आता पोरींची फी माफ झाली, हे मी टीव्हीवर माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. ऐकलं त्याच दिवशी गल्लीत साखर वाटून मोकळी झाले होते. प्रणालीनं कॉलेजचा कागद वाचायला घेतला, तेव्हा मी मेथी निवडत निवांत बसले होते.

"आजी, शिकवायची फी माफ हाये. बाकीची नाई."

"बाकीची कोनती व?"

"होस्टेल, मेस, डिपॉझिट, लॅबचा कोट, डेव्हलपमेंट..."

"हे डेव्हलपमेंट कोनाचं?"

"कॉलेजचं."

"मंग आपन काऊन द्यायचं? कॉलेज काय आपल्या नावावर होनार हाये?"

 पोरीनं कागद माझ्यासमोर धरला. त्यावरचा आकडा बघून माझ्या हातातली मेथीची जुडी निवडलेल्यात जायच्या ऐवजी कचऱ्यात गेली.

गजानं टमाट्याचे आले ते पैसे आणले, रेखानं मशिनीच्या खणात जमवलेले ते काढले. तरी बावीस हजार कमी पडले. मुदत पुढच्या सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत. पाचाला पैसे भरले नाहीत, तर जागा खालच्या नंबरच्या पोरीला! गजा बँकेत जाऊन आला. बँकवाले म्हणाले, आधी कॉलेजची पावती आणा, मग कर्जाचं बोलू. कॉलेजवाले म्हणाले, आधी पैसे आणा, मग पावती देऊ. गजा दोन्ही ठिकाणी दोन-दोन वेळा जाऊन आला. एसटीत तिकिटाचे पैसे तेवढे गेले.

"मंग आता कसं?" मी विचारलं.

"पाह्यतो, माय," गजा म्हणाला.

गजाचं 'पाह्यतो' मला चांगलं माहीत आहे. न्हाणीघराचं दार पाह्यतो म्हणाला त्याला तीन वर्षं झाली. अजून आमच्यातला एक जण आत गेला, की दुसरा बाहेर चादर धरून उभा राहतो!

पण खरं सांगू का, मला काळजीपेक्षा नवल जास्त वाटत होतं. आमच्या गावातली निदान दहा-बारा पोरं बाहेरगावी शिकतात. कोणाच्याच शेतात नोटांचं पीक येत नाही. कोणाचा साहेबही नातेवाईक नाही. मग हे लोक पैसे भरतात कसे? मला तर चौकशीची भारी हौस. कोणाच्या घरी आज काय शिजलं, हे मला समजलं नाही तर माझ्या घरचं मला गोड लागत नाही. आणि इथं इतकी वर्षं एवढा मोठा प्रश्न गल्लीतून जात-येत होता, आणि मी तो विचारलाच नव्हता!

वाटी घेऊन मी समोरच्या कांताकडं गेले. कांताचा राहुल पुण्यात इंजिनियर होतो आहे.

"कांते, थोडं इरजन दे व."

"घ्या ना काकू."

"राहुलची फी लय असंल नाई?"

"हाव ना, लय हाये."

"मंग भरता कसे?"

कांतानं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा हातातल्या पाटल्यांकडं पाहिलं, आणि म्हणाली, "होते व काकू, कसंबी." आणि वाटी विरजणानं इतकी काठोकाठ भरून दिली, की ती सांभाळता सांभाळता पुढचा प्रश्न विचारायला मला तोंडच वर करता येईना!

मग मी दळण घेऊन सदाशिवच्या गिरणीवर गेले. त्याची पोरगी नर्सिंगला आहे. सदाशिवला विचारणं जरा नाजूक होतं, कारण त्याची बायको लता दोन वर्षांपूर्वी भांडून निघून गेली होती. (निदान गावानं तसं ठरवलं होतं. ठरवणाऱ्यांत मी पहिल्या रांगेत होते.) गिरणी चालू होती, म्हणून मला ओरडून विचारावं लागलं.

"सदाशिवा, पोरीची फी कशी भरतोस बाप्पा?"

"आं?"

"फी! फी कशी भरतोस?"

गिरणीवर चार बाया होत्या. चारींनी कान टवकारले. सदाशिवनं पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया वर केल्या आणि ओरडून उत्तर दिलं, "होते, काकू! कसंबी!"

तिसऱ्या घरी तेच, चौथ्या घरी तेच. आठ दिवसांचं विरजण, तीन वाट्या साखर आणि एक सुईदोरा माझ्या घरी जमा झाला, पण 'कसंबी'चा पत्ता कोणी दिला नाही. हा कसंबी राहतो कुठं, ते कळलं असतं तर मीच जाऊन त्याच्या पाया पडले असते!

(आता एक गोष्ट कबूल करते. माझ्या घरातही हरभऱ्याच्या डाळीच्या पिंपात, तळाशी, एक डबा होता. पण त्यातले पैसे हे पैसे नव्हते. ते कशाचे होते ते पुढं येईल. तेव्हा मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही, हे मी कोणाचीही शपथ घेऊन सांगते. प्रणालीची सोडून.)

बुधवारी मी पेटी उघडली. पेटीत देण्याघेण्याच्या साड्या असतात. तुमच्याही घरी असतील. या साड्या कोणी नेसत नाही. लग्नात येतात, लग्नात जातात. त्या साड्या बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला. चाळीस वर्षं मी या गावात आहेर करत आले. कांताच्या पोरीला साडी, सदाशिवच्या भावाला टॉवेल-टोपी, कोणाला डबा, कोणाला घड्याळ. ते सगळं परत येणार होतं प्रणालीच्या लग्नात. आणि प्रणाली म्हणते, शिकून नोकरी लागेपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही! म्हणजे आमचा एवढा आहेर गावात अडकून पडलेला, आणि आम्ही बावीस हजारासाठी एसटीच्या खेपा करतोय?

लग्नाचा आहेर आधीच उचलून घेतला तर? लग्नाला एकदा यायचं ते कॉलेजला यायचं, एवढाच फरक. शिवाय कॉलेजला जाणाऱ्या पोरीला पाकीट देणं किती शोभून दिसतं! एवढी साधी गोष्ट आजवर कोणाला कशी सुचली नाही, याचंच मला नवल वाटलं. (कोणाला का सुचली नाही, ते मला रविवारी कळलं.)

घरात कोणाला सांगितलं नाही. रेखा माहेरच्या कामानं गेली होती, गजा मळ्यात. मी तांदूळ घेतले, हळद-कुंकू लावून अक्षता केल्या आणि तडक निघाले.

इथं मी चूक केली. अक्षता नेल्या ही चूक. पण तुम्हीच सांगा, चाळीस वर्षांत मी कोणाकडं अक्षतेशिवाय आमंत्रण घेऊन गेलेच नाही. हात रिकामे घेऊन जायचं कसं? पहिल्या दोन घरी मी सगळं नीट समजावून सांगितलं: कॉलेज, होस्टेल, डेव्हलपमेंट, सोमवारचे पाच. पण एक शोध मला तेव्हा लागला. उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या, की पुढचं कोणी ऐकतच नाही! बाया एकदम आत वळून ओरडतात, "आवो, ऐकलं काय, गोदाकाकूच्या प्रणालीचं निघालं!" आणि पैशाचं तर मला तोंडानं बोलवेना. बाजारात मी पाव किलो वांग्यांसाठी अर्धा तास भांडते, पण दारात उभं राहून 'पाकीट आणा' म्हणायची वेळ आली, की जीभ टाळूला चिकटायची. म्हणून तिसऱ्या घरापासून मी एवढंच म्हणत गेले, "रविवारी पोरीसाठी जेवन ठेवलं हाये. या सगळे. आहेराचं काय ते तुमचं तुमी पाहा."

झालं! आता तुम्ही म्हणाल, यात काय बिघडलं? बिघडलं ते श्रावणामुळं. आमच्याकडं श्रावणात कोणी लग्न करत नाही. मुहूर्तच नसतात. आणि ज्या घरची पोरगी काल-परवापर्यंत कॉलेजच्या गोष्टी करत होती, त्या घरची आजी श्रावणात, चार दिवस आधी, एकटीच, घाईघाईनं अक्षता देत फिरते म्हणजे काय?

गुरुवारी दुपारपर्यंत गावात चार वेगवेगळे नवरदेव तयार झाले होते. एक होता क्लासमधला. एक होता एसटीचा कंडक्टर. एक नवरदेव दुबईला होता आणि त्याची सुट्टी संपत होती. चौथ्याबद्दल बाया माझ्यासमोर बोलेनात, म्हणून त्याचं मला आजतागायत कळलेलं नाही. ती रुखरुख अजून आहे!

शुक्रवारी अंगणवाडीची ताई रजिस्टर घेऊन दारात.

"आजी, प्रणालीले अठरा पूर्ण झाले काय?"

"झाले ना, जूनमंदी. काऊन?"

"दाखला दाखवा. मले वर कळवा लागते."

"होस्टेलचं वर कळवा लागते?" मी म्हटलं. सरकार पोरींच्या शिक्षणाची किती काळजी घेतं, असं वाटून मला भरून आलं. मी तिला चहा पाजला आणि दाखला दाखवला. दाखल्याचा फोटो काढून ती म्हणाली, "तरीबी आजी, पोट्टीले विचारून करा बरं, जबरदस्ती नका करू."

"अव, तिलेच तं जायची लय घाई हाये!" मी म्हटलं.

ताईनं माझ्याकडं अशी काही नजर टाकली, की काय सांगू.

शनिवारी सकाळी सगळं फुटलं. प्रणाली मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात आली. चेहरा लालबुंद.

"आजी, माह्या सगळ्या मैत्रिनी काँग्रॅट्स म्हनून राह्यल्या. कोनाशी लगीन हाये माह्यं?"

तेवढ्यात गजा मळ्यातून आला. "माय, मले रस्त्यात बँडवाला भेटला. म्हने अ‍ॅडव्हान्स द्या. काहाचा बँड?"

तेवढ्यात माहेराहून रेखा आली, तीच रडत. तिच्या माहेरी ही बातमी परस्पर पोचली होती. "आत्याबाई, माह्या पोरीचं लगीन अन् मलेच म्हायती नाई?"

मी सगळं सांगितलं.  मग गजा मटकन खाली बसला. प्रणालीनं ती जन्मभराची घोषणा केली. रेखा म्हणाली, "घरोघर जाऊन सांगा, नाई म्हना." पण अक्षता परत कशा घ्यायच्या? दिलेलं जेवण मागं घेतलं, तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. आमचे हे ओट्यावरून म्हणाले, "वांगे घरचेच हायेत." त्या दिवसाचं त्यांचं बोलणं तिथं संपलं, आणि जेवण पक्कं झालं.

रविवारी माणसं आली. काय सांगू, माझ्या लग्नातसुद्धा एवढी आली नव्हती! जो तो नवरदेव बघायला आलेला. पाहुणे येतात, काखेत आहेराचं पुडकं, आणि आधी मान उंच करून मांडवभर नजर फिरवतात. मी भाजीच्या भांड्यामागं लपून 'जेवून घ्या, आधी जेवून घ्या' एवढंच म्हणत होते.

अकरा वाजता दारात टेम्पो थांबला. रेखाचा भाऊ संजय, प्रणालीचा मामा, खामगावहून आला होता. टेम्पोत दोरानं बांधलेलं, आरसा लावलेलं, पिस्ता रंगाचं लोखंडी कपाट!

"मावशी," तो उतरता उतरताच म्हणाला, "भाचीच्या लग्नात कपाट द्याचं म्हनून दोन सालांपासून पैसे टाकून राह्यलो. अन् मले लोकायकडून कळते? पर असू द्या. नवरदेव कुठी हाये?"

"आधी कपाट उतरव," मी म्हटलं. विषय बदलायचा होता ना!

कपाट उतरलं. नवी वस्तू दारात आली, की माझे हात थांबत नाहीत. हळदीत तेल कालवलं आणि दारावर पाचही बोटांचा छाप उठवला, दोन्ही बाजूंनी. कुंकू लावलं. नारळ आणला. दगड सापडेना. म्हटलं, दगड कशाला, कपाटाचा पाया लोखंडाचाच आहे की! नारळ उगारला. पण माझी नेमबाजी काय सांगायची? नारळ पायावर लागायच्या ऐवजी दारावर लागला. नारळ फुटला नाही. दाराला मात्र अख्खा नारळ ठेवता येईल एवढा खळगा पडला.

"मावशी!" संजय किंचाळला.

"चांगला शकुन हाये," मी म्हटलं.

आता जेवणं उरकली होती आणि लपायला भांडंही रिकामं झालं होतं. कांता पुढं आली. "काकू, आता दाखवा ना नवरदेव! लाजतो काय तो?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून प्रणाली आली. अंगावर साधा ड्रेस, हातात ती फाईल. 

"माह्यं लगीन नाई हाये," ती म्हणाली. मान वर होती. "मले फार्मसीले नंबर लागला. उद्या पाच वाजेपर्यंत पैसे भरा लागते. बावीस हजार कमी हायेत. आजीनं त्याच्यासाठी तुमाले बोलावलं. तिले मागता नाई आलं."

 मला वाटलं, आता ही माणसं आपापली पुडकी उचलतात आणि उठतात. मी पदर तोंडात धरून जमिनीकडं बघत राहिले. तेवढ्यात कांता माझ्याजवळ येऊन बसली आणि दोन्ही हात माझ्यासमोर धरले.

"काकू, मले इचारलं होतं ना, फी कशी भरता? हे पाहा. पाटल्या नकली हायेत. खऱ्या राहुलच्या पयल्याच वर्षी गेल्या."

 तरीच! दर दिवाळीला त्या पाटल्या जास्तच चमकायला लागल्या होत्या आणि मी दर दिवाळीला म्हणायचे, 'कांते, सोनं पाहावं तं तुह्यावालं!'

मग मागून सदाशिव उठला. टोपी हातात घेऊन म्हणाला, "माही लता भांडून नाई गेली. पोरीच्या कॉलेजजवळ एका मेसमंदी सैपाक करते. म्हनून पोरीचं राहनं-खानं फुकट पडते. तुमी कोनी इचारलंच नाई. परस्पर भांडन लावून टाकलं."

त्या रांगेत पहिली कोण होती, ते मी वर सांगितलंच आहे. मी त्या क्षणी कपाटात जाऊन बसले असते, पण खळग्यामुळं त्याचं दार लागेना!

मग एकदम गलका झाला. कोणाची शेळी गेलेली, कोणाची मोटारसायकल, कोणी सुट्टीत मुलासोबत दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जात होतं. चार दिवस वाट्या घेऊन फिरून जे मला कोणी सांगितलं नव्हतं, ते आता एकमेकांना अडवून अडवून सांगायला लागले. "आमचं तं याहून भारी हाये, ऐका ना!" मी एकीचं ऐकू की दुसरीचं, असं मला झालं. कान दोनच दिले आहेत देवानं!

अंगणवाडीची ताई म्हणाली, "ते ठीक हाये. पर उद्याचं काय?"

मग आम्ही आहेर उघडला. आता कळलं मला, आहेर आगाऊ उचलायचं आजवर कोणाला का सुचलं नाही. पाकिटं होती नऊ. त्यात मिळून वांग्यात घातलेल्या तेलाचे पैसेही निघत नव्हते. बाकी काय? टॉवेल-टोप्यांचा ढीग. साड्यांचा ढीग. स्टीलचे डबे. आणि भिंतीवरची घड्याळं अकरा, त्यातली सात चालू, सातांच्या सात वेळा! एक जांभळी साडी उलगडली तर पदराखाली चहाचा गोल डाग. तो मीच पाडलेला होता. सात वर्षांपूर्वी डाग आत घडी घालून मी ती कांताच्या पोरीला दिली होती आणि आज ती सदाशिवच्या पुडक्यातून निघाली. मधल्या काळात किती मांडव फिरून आली कोणास ठाऊक. माझ्यापेक्षा जास्त लग्नं तिनं बघितली असतील!

"एवढे टॉवेल घेऊन मी होस्टेलात काय करू?" प्रणाली रडकुंडीला आली. (बोलली माझ्याशीच. पण मी ते तिच्या लक्षात आणून दिलं नाही.)

तेव्हा आमचे हे ओट्यावरून बोलले. "अव, चाळीस साल वांगे इकले तुनं. हे इक ना."

मी त्यांच्याकडं बघितलं. मग साड्यांकडं बघितलं. मग कोपऱ्यातलं पोतं ओढलं, मांडवाच्या मधोमध अंथरलं, बसले आणि बाजारात लावते तो आवाज लावला.

"या हो या! दिवाळीनंतर लग्नाचा सीझन हाये! तवा दुकानात जासान, आताच घ्या! टॉवेल-टोपी, न वापरलेली! साडी, घडी न मोडलेली!"

 मग कांता हसायला लागली, आणि अख्खा मांडव हसायला लागला. तुळशी-लग्नानंतर प्रत्येकाला कुठं ना कुठं आहेर करायचाच होता. ज्यानं जे आणलं, त्यालाच ते परत विकलं, म्हणा ना!

"काकू, ही साडी मी तीनशेले आनली, तुमी चारशे सांगता?"

"तवाचा भाव तवा. आता हे प्रनालीच्या आहेरातली हाये."

"साडेतीनशे."

"कांते, पाटल्या नकली हायेत, पर जीभ तं खरी हाये व तुही! घे, साडेतीनशे."

बंद पडलेलं घड्याळसुद्धा मी विकलं. 'दिवसातून दोनदा बरोबर टाईम दाखवते' म्हणून विकलं. जांभळी साडी आणि एक घड्याळ मात्र कोणी घेईना. ती माझीच राहिली. उन्हं उतरेपर्यंत बाकी पोतं रिकामं झालं आणि चौदा हजार जमले. आठ कमी.

"काई चिंता नाई," संजय मामा म्हणाला. "कपाट परत करतो. दुकानदार वळखीचा हाये, आठ हजार तं देईनच." त्यानं लगेच फोन लावला. सगळे कान देऊन. "हाव सेठ, नवंकोरंच हाये. हाव, जसंच्या तसं..." बोलता बोलता त्याची नजर कपाटावर गेली. हळदीची दहा बोटं. मधोमध खळगा. फोन हळूच खाली आला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं. मग सगळ्यांनीच माझ्याकडं बघितलं.

"चांगला शकुन..." मी म्हटलं आणि पदरानं खळगा पुसायला लागले.

तेव्हा सदाशिवनं तो प्रश्न विचारला. अगदी गरिबीनं विचारला. "काकू, आमी सगळ्यायनं आपापलं सांगितलं. तुमच्यापाशी खरंच काई नाई काय?"

मी 'नाई ना बाप्पा' म्हणणार, तोच रेखा हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई, डाळीच्या पिंपातलं?"

म्हणजे तिला माहीत होतं! घरात काय, सगळ्यांना माहीत होतं! ते पैसे माझ्या तेराव्याचे होते हो. मी गेल्यावर पोरावर भार नको, गावाला गोड जेवण पडावं, म्हणून बाजारातून थोडे थोडे करून बाजूला टाकलेले. त्यांना मी पैसे कधी म्हटलंच नाही. ते 'माझं तेरावं' होतं. ज्या कसंबीला मी चार दिवस गावभर शोधत होते, तो माझ्याच घरात डाळीखाली झोपला होता!

मी उठले, पिंपात खांद्यापर्यंत हात घातला, डबा काढला आणि प्रणालीच्या फाईलवर ठेवला. नऊ हजार निघाले. वरच्या हजारात होस्टेलची गादीही बसली.

"आजी, हे तं तुह्या तेराव्याचे..." प्रणालीच्या डोळ्यांत पाणी.

"असू दे व. आज गाव जेवलंच ना? तेरावं झालं समज. मीबी दोन वाट्या भाजी खाल्ली!"

सोमवारी पहिल्या एसटीनं गजा आणि प्रणाली गेले. दिवसभर मी ओट्यावर बसून होते. विकायचं राहिलेलं एक घड्याळ मांडीवर घेऊन, आणि तेही अर्धा तास पुढं! त्या घड्याळात पाच वाजले तेव्हा माझा जीव गेल्यासारखा झाला. फोन आला तेव्हा त्यात सव्वापाच झाले होते. "आजी, पावती भेटली!"

आता आमच्या गावात नवीनच पद्धत पडली आहे. कोणाच्या पोराचा नंबर कुठं लागला, की घरोघर अक्षता येतात. मांडव नाही, घड्याळं नाहीत, फक्त पाकीट आणि चहा. आतापर्यंत चार घरी जाऊन आले. जांभळी साडी कुठं खपवता येते का, तेही बघते आहे. लता सुट्टीत आली, तेव्हा मी मुद्दाम जाऊन तिच्या हातची भाजी खाऊन आले. चूक कबूल करायची होती, पण भाजी इतकी चांगली होती की ते राहून गेलं. ते पिस्ता कपाट माझ्याच खोलीत आहे. दार लागत नाही, म्हणून त्यालाही आम्ही चादर लावली आहे.

आणि पिंपात आता नुसती डाळ. आमचे हे त्या दिवसाचं बोलणं खर्च करून म्हणाले, "कॉलेज चार सालाचं हाये. तवरोक मरू नको." मी हो म्हटलं. पुन्हा जमवेपर्यंत मरणं मला तरी कुठं परवडतं? गेल्या आठवड्यात प्रणालीचा फोन आला, की याच्यापुढं अजून दोन वर्षांचं एक शिक्षण असतं आणि तिला तेही करायचं आहे. म्हणजे सहा वर्षं झाली! आता बाजारात बाया विचारतात, "गोदाकाकू, या वयात तब्येत कशी सांभाळता व?"

मी पोतं झटकते, वांगी मांडते आणि म्हणते, "होते व, कसंबी!"